आलेख खाली आणणाऱ्या बाई

मोठ्या बाई मूळच्या पीटीच्या. त्यांनी ही गोष्ट कधी लपवली नाही आणि बाकीच्या शिक्षकांनी ती कधी विसरू दिली नाही. जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले, भूमितीच्या सरांनी ‘मला खडू पुरे, खुर्ची नको’ म्हणून हात झटकले आणि पुढचा नंबर बाईंचा लागला. त्या दिवशी स्टाफरूममध्ये जी शांतता पसरली, तशी परीक्षेच्या हॉलमध्येही कधी पसरत नाही. जन्मभर पोरांना ‘एक दोन, एक दोन’ करायला लावलेली बाई आता आम्हाला शाळा शिकवणार? तोंडाने कुणी बोललं नाही. पण न बोललेलंही ऐकू येतंच की, आणि बाईंचे कान तर भलतेच तिखट होते.

उंचीने बेताच्या, पण चाल अशी की व्हरांड्यात समोरून येणारा माणूस आपसूक भिंतीला लागायचा. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. मोठ्या बाई झालात, आता ती शिट्टी तरी काढून ठेवा, असं कुणीतरी सुचवून पाहिलं. ‘घंटा बिघडली तर तुम्ही ओरडणार आहात का?’ असं विचारून बाईंनी तो विषय तिथेच संपवला. घरी नवऱ्याची लॉन्ड्री. खाली दुकान, वर राहायचं. संध्याकाळी बाई दुकानात बसून कपड्यांना चिठ्ठ्या टाचायच्या आणि दिवसभराचं सगळं त्याला ऐकवायच्या. तो इस्त्री फिरवत नुसता ‘हं’ म्हणायचा. बायकोचा पारा कुठवर चढलाय हे त्याला तिच्या टाचण्याच्या आवाजावरून कळायचं. ज्या दिवशी कपड्याऐवजी स्वतःचं बोट टोचायची त्या दिवशी तो इस्त्री बाजूला ठेवायचा.

शाळा शहराच्या पार कडेला, ट्रकच्या गॅरेजांच्या मागे. खिडक्या उघड्या ठेवल्या तर पत्र्यावर हातोडे पडल्याचा आवाज, बंद केल्या तर उकाडा. पोरांचे आईबाप गॅरेजात, गोदामात, नाहीतर दुसऱ्यांच्या घरी कामाला. घरात फोन असला तर एकच, आणि तो बापाच्या खिशात. शहराच्या मधल्या शाळांमध्ये पोरं टॅबवर धडे शिकतात हे बाईंनी पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात ते जे शिरलं ते शिरलंच. वरच्या ऑफिसात त्यांनी चपला झिजवल्या. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून ‘उद्या या’, उद्या गेलं की ‘साहेब नाहीत’. दुसरी कुणी असती तर नाद सोडला असता. पण बाई शेवटी असल्या चिवट की ऑफिसातला शिपाईच त्यांना बघून म्हणायला लागला, ‘अहो, देऊन टाका एकदाचे, या काही ऐकायच्या नाहीत!’

टॅब आले. प्रत्येक वर्गाला एक कपाट, त्यात टॅब चार्जिंगला लावायची सोय. बाईंचा आनंद गगनात मावेना. आणि त्या आनंदाच्या भरात त्यांनी एक घोडचूक केली. भिंतीवर वेळापत्रक डकवलं: प्रत्येक शिक्षकाने रोज एक तास टॅबवर घ्यायचाच. खाली सही, वर शिक्का. झालं, उरकलं.

आणि खरंच उरकलं. महिनाभरात वरच्या ऑफिसातून फोन आला, कौतुकाचा. टॅब किती वेळ चालू असतात याचा आलेख ऑफिसात आपोआप उमटत असे, आणि या शाळेचा आलेख नुसता हिरवागार. शहरातल्या नावाजलेल्या शाळा मागे पडल्या. ‘आदर्श शाळा म्हणून तुमचं नाव पुढे करतोय,’ तिकडून सांगितलं. बाई त्या दिवशी लॉन्ड्रीत गुणगुणत चिठ्ठ्या टाचत होत्या. नवरा म्हणाला, ‘आज काय, कपड्यांचं लग्न लावतेस का?’

आता पुढचं ऐका. दुसऱ्याच दिवशी बाई हे कौतुक सांगायला भूमितीच्या सरांच्या वर्गाकडे निघाल्या. त्या शाळेत दुसऱ्याचा तास चालू असताना वर्गात पाऊल टाकायचं नाही असा जुना दंडक होता, मुख्याध्यापकसुद्धा दारातूनच खोकायचे. बाईंना भान राहिलं नाही, त्या थेट आत गेल्या.

सर फळ्यावर त्रिकोण काढत होते. पोरं वहीत त्रिकोण काढत होती. प्रत्येक बाकावर टॅब मात्र चालू, त्यावर नुसतं सुरुवातीचं रंगीत चित्र. आणि एक दोन वेण्यांची मुलगी बाकांमधून फिरत होती, प्रत्येक टॅबला एक टिचकी, पुढे, एक टिचकी, पुढे.

‘तू काय करतेस गं?’ बाईंनी विचारलं.

‘मी टिचकी मॉनिटर आहे, बाई,’ ती मोठ्या ऐटीत म्हणाली. ‘बोट लावलं नाही की टॅब झोपतात. झोपले की आलेख पडतो.’

बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी खडू खाली ठेवला, हात झटकले. म्हातारा माणूस, पण पाठ ताठ, आणि खोटं बोलण्याची सवय नाही. ‘तुम्ही रोज एक तास चालू ठेवा म्हणालात. चालू आहेत. माझा अभ्यासक्रमही चालू आहे. दोघांचंही समाधान.’

‘बाकीच्या वर्गांतही हेच?’

‘ते त्यांना विचारा,’ सर म्हणाले. पण पोरं काय गप्प बसतात? ‘सगळीकडे मॉनिटर आहेत, बाई!’ मागून आवाज आला. ‘आमचीच सगळ्यात फास्ट आहे!’

आता बोला. बाई व्हरांड्यात आल्या तेव्हा त्यांच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. एकेकाला ऑफिसात बोलावून असं झापावं की पुन्हा नाव काढणार नाहीत, असं मनात घोळवत त्या मैदानाच्या कडेपर्यंत गेल्या आणि तिथे लांब उडीच्या खड्ड्यापाशी थबकल्या. पोराला उडी शिकवायची तर त्या आधी स्वतः पळत जाऊन उडी मारून दाखवायच्या, वाळूत सपशेल आपटायच्या, पोरं हसायची, मग पोरं उडी मारायची. भिंतीवर ‘रोज एक उडी मारावी’ असा कागद डकवून त्यांनी कधी कुणाला उडी शिकवली होती का? आणि टॅब? टॅबला त्यांनी स्वतः चार्जिंगला लावण्यापलीकडे हात लावला नव्हता. शिक्षकांनी फसवलं म्हणावं, तर त्यांनी सांगितलं तेवढंच केलं होतं बिचाऱ्यांनी. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली. खड्ड्याच्या काठावर बसून त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

त्या संध्याकाळी बोट टोचलं. नवऱ्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं.

‘मग आता?’

‘आता तो कागद फाडणार. आणि वर सांगणार, आलेख खोटा आहे.’

‘अगं पण मग टॅब काढून नेतील ना!’

‘नेऊ देत.’

‘नेऊ देत काय नेऊ देत? एवढ्या खस्ता खाल्ल्यास त्या काय झोपलेल्या टॅबसाठी?’

‘जागे करायला थोडा वेळ मागणार आहे,’ बाई म्हणाल्या, आणि बोट तोंडात धरून पुढची चिठ्ठी उचलली. बायकोने एकदा हा सूर लावला की वाद घालायचा नसतो, एवढं तो संसारात शिकला होता.

सकाळी त्यांनी सगळ्यांदेखत वेळापत्रक भिंतीवरून उतरवलं आणि आपल्या खोलीत येऊन वरच्या ऑफिसात फोन फिरवला.

‘साहेब, आमचा आलेख खोटा आहे.’

‘खोटा कसा असेल, बाई? मशीनने काढलाय.’

‘मशीनला बोट लागलं तेवढंच कळतं. पोरं काही शिकत नाहीत त्यावर.’

हे साहेब म्हणजे टॅबच्या खात्याचे. ‘बाई, असं कुणी फोन करून सांगतं का?’ ते अगदी कळवळून म्हणाले. ‘राहू द्या ना हिरवा. तुमचं काय जातंय?’

‘पोरांचं जातंय. मला सत्र संपेपर्यंत मुदत द्या.’

‘मुदतीचं माझ्या हातात नाही. नियम असाय, सत्राच्या शेवटी ज्यांचा आलेख ठरवून दिलेल्या रेषेच्या खाली, त्यांच्याकडचे टॅब उचलून दुसऱ्या शाळेला. मी स्वतः गाडी घेऊन फिरतो. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ नका.’

‘तुम्ही गाडी घेऊन या,’ बाई म्हणाल्या. ‘मी बघते.’ बोलून त्यांनी फोन ठेवला खरा. एकदा गेलेले टॅब परत मिळायचे नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गॅरेजांमागच्या शाळेला दुसऱ्यांदा कोण विचारतो?

आठवडाभरात आलेख धाडकन खाली आला. आदर्श शाळेचं नाव निघाल्यासारखं निघालं आणि हवेत विरलं. स्टाफरूममध्ये कुजबुज झाली, बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना? कौतुक चालून आलेलं लाथाडतात?

बाईंनी कुणाला एक शब्द विचारला नाही. त्यांनी स्वतःला एक वर्ग मागून घेतला, आठवड्यातून एक तास, पीटीचाच, आणि टॅब घेऊन पोरांना मैदानावर नेलं. आधी सगळ्यांना सांगितलं होतं, ‘दार उघडं आहे. मैदानाला तर दारच नाही. ज्याला बघायचं त्याने खिडकीतून बघा, हसायचं त्याने हसा.’ त्यांना पोरांच्या उड्यांचं चित्रण करायचं होतं, मग तेच हळू करून दाखवायचं, पाय फळीवर नेमका कुठे पडतो ते.

कसलं काय! उन्हात टॅबवर काही म्हणजे काही दिसेना, नुसतं बाईंचं तोंड. टेकवून ठेवलेला टॅब वाऱ्याने तोंडावर पडला. दुसऱ्यावर भलतंच बटण दाबलं गेलं आणि सगळ्या पोरांच्या उड्या उलट्या दिसायला लागल्या, वाळूतून उठून मागे पळणारी पोरं! वर्ग हसून हसून लोळला. वरच्या खिडक्यांतही माना दिसत होत्या, आणि त्या मानाही हलत होत्या. बाई घामाने निथळल्या. तास संपल्यावर त्या तशाच स्टाफरूममध्ये गेल्या आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाल्या, ‘फजिती झाली. उन्हाचं ध्यानातच आलं नाही. पुढच्या वेळी भिंतीच्या सावलीत करून बघते. कुणाला ते उलटं सरळ कसं करायचं ते माहीत आहे का?’

मुख्याध्यापिकेने ‘मला येत नाही’ म्हणावं हे त्या खोलीने कधी ऐकलं नव्हतं. शेवटी भाषेच्या बाई, ज्या एरवी बैठकीत तोंडातून चकार शब्द काढायच्या नाहीत, हळूच म्हणाल्या, ‘माझा भाचा करतो तसलं. विचारून सांगू?’

‘विचारा ना, लगेच विचारा!’

पुढच्या आठवड्यात सावलीत बरं जमलं. एक आडदांड पोरगा, ज्याची उडी दरवेळी बाद ठरायची आणि जो दरवेळी पंचाशी भांडायचा, त्याने स्वतःचा पाय फळीच्या पुढे पडताना डोळ्यांनी पाहिला. पुन्हा पाहिला. मग काही न बोलता मागे गेला, पावलं बदलली आणि उडी मारली. पडलेल्या जागेवरूनच ओरडला, ‘बाई, बघा! आता बघा त्यात!’ बाईंनी इतक्या जोरात शिट्टी फुंकली की गॅरेजातले हातोडे थांबले.

मग त्यांनी शनिवारची बैठक मोडीत काढली. त्या बैठकीत परिपत्रकं मोठ्याने वाचून दाखवायची प्रथा होती, अर्धे शिक्षक पेंगायचे, उरलेले वह्या तपासायचे. ‘परिपत्रकं फळ्यावर लावते, साक्षर आहोत सगळे,’ बाई म्हणाल्या. ‘हा वेळ आता तुमचा. टॅब घेऊन बसा, खेळा, चुका. पोरांच्या हातून फुटला तर खापर माझ्या डोक्यावर, तुमच्या नाही. आणि कुठल्याही वर्गात टॅब उघडलाच पाहिजे असं नाही. मला फक्त एक सांगा, तुमच्या विषयात पोरांना सगळ्यात जड काय जातं?’

हा प्रश्न लागू पडला. शिकवण्यातलं दुखणं कुणी विचारलं की शिक्षक माणूस बोलायचा थांबत नाही! विज्ञानाच्या सरांनी तासभर पाढा वाचला. भाषेच्या बाई म्हणाल्या, ‘काही पोरं मोठ्याने वाचतच नाहीत. उभं केलं की थिजतात. वाचता येत नाही की लाजतात, हेच मला कळत नाही.’ त्यातून त्यांचं त्यांनीच काढलं, प्रत्येक पोराने कोपऱ्यात बसून टॅबवर आपला आवाज भरायचा आणि बाईंनी तो नंतर ऐकायचा. सोमवारी त्या धावत मोठ्या बाईंच्या खोलीत आल्या, दार वाजवायचं विसरून. वर्षभर मुकी बसलेली एक मुलगी टॅबवर घडाघडा वाचत होती, नुसती वाचत नव्हती, पात्रांचे आवाज काढत होती! भाषेच्या बाईंना रडू आवरेना. मोठ्या बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि स्वतःही थोडं प्यायल्या.

एकटे भूमितीचे सर हलेनात. शनिवारी ते येत, कोपऱ्यात बसत, वर्तमानपत्र उघडत. ‘पेन्सिल हातात धरल्याशिवाय भूमिती येत नाही,’ हे त्यांचं ठरलेलं. बाई त्यांच्याशी भांडल्या नाहीत. ‘पेन्सिल राहू द्या की, सर. टॅबवर काही काढू नका. फक्त विचारा.’

‘मी रोज विचारतो. कळलं का म्हटलं की सगळा वर्ग हो म्हणतो.’

‘सगळा?’

सरांनी वर्तमानपत्र खाली केलं. ‘तुम्हाला काय म्हणायचंय?’

‘मला काही म्हणायचं नाही. मी पीटीची बाई. कवायतीत सगळे एका तालात हात वर करतात तेव्हा कुणाचा हात वर गेला नाही ते मला दिसत नाही, एवढंच सांगते.’

सर फणकारले. पण माणूस हाडाचा शिक्षक होता; ते त्यांना झोंबलं. पुढच्या मंगळवारी, कुणाला न सांगता, त्यांनी कपाट उघडलं. फळ्यावर एक कोन काढला, मोठा कोनमापक लावला, नेहमीसारखं शिकवलं. कळलं का? ‘हो, सर!’ वर्ग गरजला. ‘मग याचं माप टॅबवर लिहा, प्रत्येकाने आपापलं.’

उत्तरं सरांच्या समोर उमटत गेली. साठ अंशांचा कोन. आणि अर्ध्याहून जास्त पोरांनी लिहिलं होतं एकशे वीस. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात ना, आतली आणि बाहेरची, एक डावीकडून मोजते, एक उजवीकडून. पोरं हटकून चुकीची ओळ वाचत होती. ‘हो, सर’ म्हणून वाचत होती. हुशार पुढचे बाक बरोबर उत्तर ओरडायचे आणि बाकीच्यांचा आवाज त्यात मिसळून जायचा.

सर खुर्चीत बसले. तासाच्या मधे ते कधी बसत नसत. पोरंही घाबरली. मोठ्या बाईंना कुणीतरी बोलावून आणलं तेव्हा ते तसेच बसून होते.

‘किती वर्षं मी यांना निष्काळजी म्हणत आलो,’ ते म्हणाले. ‘कान पिळले, वहीवर लाल रेघा ओढल्या. त्यांना कोनमापक धरता येतो, वाचता येत नाही. आणि मला पत्ता नाही.’

बाईंना त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण सरांना ते आवडलं नसतं. त्या नुसत्या म्हणाल्या, ‘आज कळलं ना. तास बाकी आहे अजून.’

सर उठले. खडू घेतला. आणि नव्याने सुरुवात केली, आतली ओळ कुठली, बाहेरची कुठली, कोनाची एक बाजू शून्यावर ठेवायची म्हणजे कुठल्या शून्यावर. बाई दारापाशी उभ्या राहून ऐकत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते त्या दिवशीच नीट समजलं.

सत्र संपलं. आलेख थोडा वर आला होता, रेषेला मात्र पोहोचला नव्हता. कसा पोहोचणार? टॅब आता लागतील तेव्हाच निघायचे आणि काम झालं की कपाटात जायचे. ठरल्याप्रमाणे गाडी आली, मागे रिकामी खोकी घेऊन. साहेब उतरले. चेहरा धुळीने माखलेला, डोळ्यांत कंटाळा, हातात पंख्यासारखा हलवायला एक पुठ्ठा.

‘बाई, मी सांगत होतो,’ ते खुर्चीत टेकत म्हणाले. ‘तुमच्यासाठी वर शब्द टाकला. सगळे नेत नाही. पण रेषेखाली आहात, एका वर्गाचे तरी न्यावेच लागतील. कुठल्या वर्गाचे नेऊ तेवढं सांगा, मी निघतो.’

सगळे न्या म्हणाले असते तर त्या भांडल्या असत्या. एक वर्ग निवडा म्हटल्यावर कुणाच्या पोरांच्या हातून काढायचं? त्यांनी एकटीने ठरवलं नाही. सगळ्या शिक्षकांना बोलावलं आणि साहेबांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

‘माझ्या वर्गाचे नाही,’ भाषेच्या बाई पटकन म्हणाल्या. सगळ्यांत मऊ बाई, पण पदर खोचून उभ्या राहिल्या. ‘माझी पोरं आत्ता कुठे तोंड उघडायला लागलीत.’

‘माझेही नाहीत,’ विज्ञानाचे सर म्हणाले. ‘माझा प्रयोग अर्धा राहिलाय.’ मग एकेक करत सगळेच बोलू लागले, एकमेकांचं ऐकेनात. साहेब पुठ्ठा हलवायचा थांबले. गलका शमला तेव्हा सगळ्यांच्या नजरा भूमितीच्या सरांकडे वळल्या. ते अजून बोलले नव्हते, आणि टॅबचं त्यांना कधी कौतुक नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. बाईही तिकडेच बघत होत्या. सर द्यायला तयार झाले तर बाकीचे सुटले असते. पण ती कोनमापक उलटा वाचणारी पोरं?

‘सर, तुमचे नेऊ का?’ साहेबांनी आशेने विचारलं.

‘साहेब,’ सर सावकाश म्हणाले, ‘मला निवृत्त व्हायला फार दिवस राहिले नाहीत. कुठल्या पोराला काय कळलं नाही, हे मला नोकरीत पहिल्यांदाच दिसायला लागलंय. तुम्हाला काही न्यायचंच असेल तर माझी खुर्ची न्या, टेबल न्या. टॅबला हात लावायचा नाही.’

बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं, कारण त्यांचे डोळे भरून आले होते आणि साहेबांसमोर रडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

‘मी इतक्या शाळा फिरलो,’ साहेब जरा वेळाने म्हणाले. ‘टॅब न्यायला आलोय म्हटलं की लोक कपाटं उघडून देतात. वेष्टनंसुद्धा काढलेली नसतात. वरून गाडीत चढवायला हातभार लावतात, चहा पाजतात, सुटलो एकदाचे म्हणतात. भांडण आज पहिल्यांदा ऐकतोय.’

‘मग तेच लिहा,’ बाई वळून म्हणाल्या. आवाज मैदानावरचा होता. ‘वर विचारलं तर सांगा, मोठ्या बाई आडव्या आल्या. काय कारवाई करायची ती माझ्यावर करा. आणि आलेख वर नेण्याचं वचन मी देत नाही, एकदा हिरवा करून बघितलाय. तुम्ही वर्गात येऊन बसत जा, पोरांना विचारत जा, कुणी अडवणार नाही, ते वचन देते.’

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, मग पुठ्ठा टेबलावर ठेवून उठले. ‘वर्षअखेरीपर्यंत थांबवतो. वर मला बोलणी बसतील, बसू देत. पुढच्या वेळी मात्र मला खरंच वर्गात बसवा.’ रिकामी खोकी खडखडत गाडी फाटकातून बाहेर पडली आणि गॅरेजांच्या गल्लीत वळून दिसेनाशी झाली.

शिक्षक आपापल्या वर्गांकडे पांगले. बाई फाटकापाशीच उभ्या होत्या. कधी एकदा लॉन्ड्रीत जाऊन हे सगळं सांगते असं त्यांना झालं होतं. मागून पावलं वाजली. भूमितीचे सर.

‘बाई, एक बोलायचं होतं.’

‘बोला ना, सर.’ आता हे आभार मानणार, असं वाटून बाई आधीच संकोचल्या.

‘उद्या दुसऱ्या तासाला माझ्याच वर्गाचे टॅब तुम्ही उड्यांसाठी मैदानावर नेणार म्हणे.’

‘हो. ठरलंय तसं. पोरं वाट बघताहेत.’

‘ठरलं असेल तर मोडा. वर्तुळाचा धडा सुरू करतोय, मला लागणार आहेत. आणि तुमच्या उड्यांनी त्यांच्यात वाळू जाते.’

‘अहो सर, मी मुख्याध्यापिका आहे!’

‘असाल. वर्तुळ आधी,’ सर म्हणाले आणि ताठ पाठीने वर्गाकडे चालू लागले.

बाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. या शाळेत आल्यापासून त्या कुणापुढेही हरल्या नव्हत्या. त्यांनी गळ्यातली शिट्टी चाचपली, फुंकली मात्र नाही, आणि व्हरांड्यात दिसेल त्या पहिल्या पोराला ओरडून सांगितलं, ‘उद्या उड्या नाहीत रे! टॅब सरांना हवेत!’